खाजणाचा बांध कोणी राखायचा? गोव्यातील खाजण शेतीचा प्रकरण अभ्यास

गोव्यात सुमारे साडेसतरा हजार हेक्टर जमीन अशी आहे की तिच्याभोवतीचे मातीचे बांध उद्या नाहीसे झाले, तर दिवसातून दोन वेळा तिच्यावर खारे पाणी चढेल. राज्याचे एकूण क्षेत्र ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे त्याचा जवळजवळ विसावा हिस्सा माणसाने खाडीकडून मागून घेतलेला आहे आणि दर भरतीला तो पुन्हा राखावा लागतो. या जमिनीला खाजण म्हणतात. मांडवी, जुवारी आणि त्यांना मिळणाऱ्या लहानमोठ्या नद्यांच्या काठी, चोडण आणि दिवाडी या बेटांवर, तसेच नेवरे, मंडूर, आजोशी, आगशी, कुडतरी अशा कितीतरी गावांच्या सखल भागात ती पसरलेली आहे. शतकानुशतके टिकलेली ही व्यवस्था गेल्या साठ वर्षांत अनेक ठिकाणी ढासळली. बांध फुटले, भाताची शेते तळी झाली, पुढे त्या तळ्यांत कांदळवन, म्हणजे खारफुटीचे रान, माजले. हे का घडले, याचा शोध हा या अभ्यासाचा विषय आहे. समुद्राची पातळी वाढते आहे आणि पूर्वीपेक्षा पाणी अधिक जोराने येते, हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. बहुतेक ठिकाणी बांध आधी माणसांच्या व्यवहारात खचला आणि नंतर पाण्याने फुटला, असे माझे मत आहे, आणि ते कशावरून बनले ते पुढे मांडतो.

बांध, मानस आणि पोंय

खाजण समजून घ्यायचे तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो, भांगाच्या, म्हणजे कमजोर भरतीच्या, दिवसांत तो बराच कमी होतो. जमिनीचा उतार इतका मंद आहे की मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. त्यातच वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. परिणाम असा की मे महिन्यात नदीचे पाणी आतपर्यंत खारट असते आणि जुलैत त्याच ठिकाणी ते जवळजवळ गोडे होते. खाजणाची सगळी करामत या दोन तालांवर उभी आहे: एक ताल साडेबारा तासांचा, दुसरा बारा महिन्यांचा.

नदीच्या बाजूचा बांध चिकण माती, भाताचा पेंढा आणि झाडाच्या फांद्या यांनी घातलेला असतो. जिथे लाटांचा मार जास्त असतो तिथे त्याला चिऱ्याची दगडी चढवण केलेली असते. बांधाच्या बाहेर, पाण्याच्या कडेला, कांदळाची पट्टी मुद्दाम राखली जात असे, कारण लाटेचा पहिला धक्का ती झाडे घेतात. बांधाच्या आत शेते, शेतांमधून जाणारे पाट, आणि या सगळ्या पाटांचे पाणी जिथे एकवटते तो खोलगट भाग म्हणजे पोंय. पोंयीच्या तोंडाशी बांधात जो दरवाजा असतो तो मानस.

मानस हे या व्यवस्थेचे काळीज आहे. खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या कठीण लाकडाची दारे चिऱ्याच्या चौकटीत अशी बसवलेली असतात की ती फक्त बाहेरच्या बाजूला, नदीकडे उघडतात. भरती चढू लागली की नदीचेच पाणी दारे लोटून घट्ट बंद करते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आत साचलेले पावसाचे पाणी दारे ढकलून बाहेर जाते. माणसाने हात लावण्याची गरज नाही. आज ज्याला आपण स्वयंचलित म्हणतो, ते काम लाकूड आणि पाणी मिळून करीत होते. ज्या दिवसांत खारे पाणी थोडेसे आत घ्यायचे असते, त्या दिवसांसाठी खाचांत बसणाऱ्या फळ्या असतात. किती फळ्या काढायच्या, किती वेळ काढायच्या, हे मात्र माणसाने ठरवायचे. पुढच्या साऱ्या कथेचा गाभा या शेवटच्या वाक्यात आहे.

पावसाच्या पहिल्या सरी जमिनीतले मीठ धुऊन काढतात. ते धुतलेले पाणी मानसातून बाहेर गेले की पेरणी होते. पावसाळी पिकाला गोव्यात सरद म्हणतात, आणि खाजणातल्या सरदीसाठी कोरगुट, आसगो यांसारखे क्षार सोसणारे भात पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवलेले होते. कोरगुटाचे उत्पन्न बेताचे, पण बांध थोडा झिरपला किंवा पाऊस लांबला तरी ते तग धरते. (गोव्यातील कृषी संशोधन केंद्राने निवडलेले ‘गोवा धान’ मालिकेतले पहिले वाण याच कोरगुटातून आलेले आहेत, यावरून त्या जुन्या बियाण्याची किंमत कळते.) कापणीनंतर, खारेपण परतते तेव्हा, पोंयीत आणि काही शेतांत मासे व कोळंबी वाढतात. शेवटो, काळुंदर, सुंगटे, कुर्ल्या, आणि रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तो चोणक, हे सगळे मानसाच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात. काही ठिकाणी खाजणाच्या कडेने मिठागरे होती. म्हणजे एकाच जमिनीतून वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत भात, मासळी आणि मीठ निघत असे, आणि या तिघांची भांडणे होऊ नयेत म्हणून पाण्याचा एक सामायिक हिशेब लागत असे. कोरड्या महिन्यांत मासळीला खारे पाणी हवे असते, पण भाताच्या मातीला त्याचा अतिरेक सोसत नाही. मानसाची फळी केव्हा काढायची, हा प्रश्न म्हणूनच कधीच केवळ तांत्रिक नव्हता.

गावकारीचा हिशेब

खाजण घालण्याचे काम किती जुने आहे याचा एक ठोस पुरावा फोंडा तालुक्यातील बांदोडे येथे मिळाला आहे. कोकणच्या मौर्य वंशातील अनिर्जितवर्मा या राजाचा पाचव्या-सहाव्या शतकातील ताम्रपट तिथे सापडला. त्यात ‘खज्जन’ जमिनीचे दान नोंदलेले आहे, आणि जंगल काढून, बांधाने समुद्राचे पाणी अडवून तिथे शेती करावी अशी त्यामागची अपेक्षा आहे. शब्दसुद्धा बदललेला नाही.

हे काम एकट्यादुकट्या कुळंब्याला पेलणारे नव्हते, म्हणून जमीन गावाची आणि कारभार गावकारांचा, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचा, अशी रचना झाली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली, तेव्हा ही गावकारी तिथे होतीच. तिचे रिवाज आफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने १५२६ मध्ये ‘फोराल’ नावाच्या सनदेत लिहून काढले. पुढे गावकारीला कोमुनिदाद हे पोर्तुगीज नाव पडले. सरकारला ठरलेला सारा पोचला की गावाच्या अंतर्गत कारभारात राज्यकर्ते फारसे पडत नसत. शेते ठरावीक मुदतीसाठी पावणीने, म्हणजे लिलावाने, कसायला दिली जात. मानसातली मासळी धरण्याचा हक्कही पावणीनेच जाई. या साऱ्या उत्पन्नातून आधी बांध आणि मानस यांचा खर्च, मग सारा, देवस्थानाचा किंवा चर्चचा खर्च, आणि अखेरीस उरेल ती रक्कम गावकारांत झोण म्हणून वाटली जाई. विशिष्ट खाजणाच्या बांधदुरुस्तीसाठी त्या खाजणात हितसंबंध असलेल्यांचे वेगळे मंडळही असे. त्याला भौस म्हणत.

या क्रमाकडे वाचकाने बारकाईने पाहावे, अशी माझी विनंती आहे. बांधाचा खर्च वाटपाच्या आधी वजा होत होता. बांध फुटला तर पुढच्या वर्षी पावणीची बोली घसरणार, बोली घसरली की झोण घटणार. त्यामुळे ज्याला निर्णयाचा अधिकार होता त्याच्याच खिशाला खांडीची, म्हणजे बांधाला पडलेल्या भगदाडाची, झळ लागत होती. बांधात खांड पडली की गावातून हाक जाई आणि पुढच्या भरतीआधी माती टाकण्याची धावपळ होई, त्यामागे परोपकाराइतकाच हाही हिशेब होता.

बांधाभोवती श्रद्धाही जुळलेल्या होत्या. जुवारीकाठच्या बोरी, दुर्भाट भागात आजही पौष अमावास्येला शेतकरी ओल्या मातीची मगर घडवून तिची पूजा करतात. या विधीला मांगें थापणी म्हणतात. जवळच्या कुंभारजुवेच्या खाडीत खऱ्या मगरी आहेत. पाण्यातल्या बलवान जिवाला मान देऊन शेताचे आणि बांधाचे रक्षण मागण्याची ही रीत आहे. बांध हा गावाच्या मनात कुठे होता, हे या एका विधीवरून समजते.

तरीही गावकारीचे चित्र सोनेरी रंगवणे अन्यायाचे होईल. झोणीचा हक्क गावकार घराण्यांतल्या पुरुषांपुरता होता. कमरेइतक्या चिखलात उभे राहून माती उपसणारे, पेंढ्याचे थर दाबणारे, रात्रीबेरात्री खांड बुजवणारे गावडे, कुणबी आणि इतर कष्टकरी यांना कारभारात आवाज नव्हता. स्त्रियांना तर दोन्हीकडे नव्हता. शिवाय पोर्तुगीज सत्तेच्या उत्तरार्धात कोमुनिदादीवर सरकारी देखरेख वाढत गेली आणि निर्णय कचेरीकडे सरकू लागले. म्हणजे १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा व्यवस्था शाबूत होती, पण निरोगी होती असे म्हणता येत नाही.

कुळाला जमीन मिळाली, बांध मात्र मधेच राहिला

१९ डिसेंबर १९६१ नंतरच्या गोव्यात कसणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता, आणि तो टाळला गेला नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. १९६४ मध्ये कूळ कायदा आला. १९७६ च्या दुरुस्तीने कूळ हे जमिनीचे खरेदीदार मानले गेले. ज्यांच्या आजोबांनी बांध घातले त्यांच्या नातवांना शेत मिळाले. याला विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही.

अडचण वेगळ्या जागी होती. शेताचे तुकडे पाडून प्रत्येकाच्या नावावर करता येतात. बांध, मानस आणि पोंय यांचे तसे करता येत नाही. ती साऱ्या खाजणाची मिळून एकच असतात. कोमुनिदादीच्या हातून जमीन गेली, खंडाचे उत्पन्न आटले, तेव्हा बांधाची जबाबदारी कोणाची हा प्रश्न उभा राहिला. कायदा करणाऱ्यांनी त्याचा विचार केला नव्हता असे नाही. कुळांच्या संयुक्त जबाबदारीसंबंधी १९७५ मध्ये नियम करण्यात आले. प्रत्येक खाजणातील कुळांची संघटना, तिची निवडून आलेली कार्यकारिणी, बांध-मानसाची देखभाल, वर्गणी आणि मानसाच्या मासळीची पावणी, हे सारे त्या नियमांत आले, आणि देखरेख मामलेदाराकडे सोपवली गेली. कागदावर हे गावकारीचे अधिक न्याय्य रूप होते: जो कसतो तोच राखतो.

प्रत्यक्षात काय झाले? पहिल्या पिढीने अनेक ठिकाणी बांध राखले. पण त्याच काळात गोव्याचे अर्थजीवनच पालटत होते. सरकारी नोकऱ्या, खाणी, पर्यटन, आखाती देशांतली कामे, जहाजावरच्या नोकऱ्या यांनी शेतातली माणसे ओढून घेतली. मजुरी वाढली, भाताचा भाव त्या प्रमाणात वाढला नाही. कुळाच्या मुलांच्या नावावर शेताचे लहान लहान हिस्से राहिले, पण त्यांतले कित्येक जण पेरणी करीत नव्हते. कसणे थांबले तरी संघटनेचे सभासदत्व थांबले नाही, आणि पावणीतला वाटाही थांबला नाही. या ठिकाणी खाजणाच्या इतिहासाला वळण लागले. भात न पिकवणाऱ्या सभासदाला बांध हवा असतो तो फक्त पोंयीत पाणी साठावे इतक्यापुरता; शेतातले मीठ वाढले तर त्याचे काही जात नाही.

मानसाची पावणी

कोळंबीला आणि चांगल्या मासळीला भाव चढत गेला, तशी मानसाची बोली चढत गेली. ठेका घेणाऱ्याने वर्षभरासाठी मोठी रक्कम भरलेली असते. ती वसूल करून वर नफा मिळवायचा तर जास्तीत जास्त पाणी आत घेणे आणि ओहोटीला ते जाळ्यातून बाहेर सोडणे, हा सरळ मार्ग आहे. म्हणून भरतीच्या वेळी, बहुधा रात्री, फळ्या ठरल्यापेक्षा अधिक काढल्या जातात. काही मानसांवर जुनी आपोआप मिटणारी दारे काढून केवळ वर-खाली होणाऱ्या फळ्या ठेवल्या गेल्या. त्यामुळे निसर्गाच्या हाती असलेला निर्णय पूर्णपणे ठेकेदाराच्या हाती गेला.

याचे परिणाम तीन अंगांनी होतात. पहिला सगळ्यांना दिसतो: खारे पाणी पोंय भरून पाटांतून शेतात चढते, आणि शेजारच्या ज्या शेतकऱ्याला अजून भात करायचे आहे त्याची जमीन बिघडते. दुसरा हळू दिसतो: मानसाच्या अरुंद तोंडातून रोज जोराने आत-बाहेर होणारे पाणी चौकटीखालची आणि बाजूची माती ओरबाडते, तळाशी डोह पडतो, आणि एका उधाणाला मानसाशेजारचा बांध बसतो. तिसरा परिणाम गावकऱ्यांच्या आपसांतल्या नात्यावर होतो. भात करणारे अल्पसंख्य झाले की संघटनेच्या सभेत त्यांची तक्रार बहुमतापुढे टिकत नाही. मासळीचे पैसे सर्वांना मिळतात आणि मीठ काही थोड्यांच्या शेतात चढते. मग तो एकटा पडलेला शेतकरीही पुढल्या वर्षी नांगर घालत नाही, आणि बांध सुस्थितीत राखण्यात ज्याचा खरा स्वार्थ होता असा आणखी एक माणूस कमी होतो.

खांड पडल्यानंतर किती वेळ जातो, यावर बाकी सगळे अवलंबून असते, आणि हा मुद्दा सरकारी फायलींत जितका दिसायला हवा तितका दिसत नाही. भरती दर साडेबारा तासांच्या आसपास येते. पंधरा दिवसांत ती एकोणतीस वेळा येते, आणि प्रत्येक वेळी पाणी खांडीतून एकदा आत शिरते व एकदा बाहेर पडते. पहिल्या दिवशी चार माणसे आणि गाडीभर चिखल यांनी बुजली असती अशी खांड पहिल्या उधाणानंतर रुंद होते, तिचा तळ खाली जातो, आणि तिथे दगडाची भर, यंत्रे आणि होड्या लागतात. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा आणि कामाचा आदेश यांत तीन महिने गेले, तर तोवर सुमारे पावणेदोनशे भरत्या त्या खांडीतून येऊन गेलेल्या असतात. मध्ये पावसाळा आला, तर काम पुढच्या हिवाळ्यावर जाते. दुरुस्तीचा खर्च अशा प्रकारे वाढतो, आणि खर्च वाढला की ते काम संघटनेच्या आवाक्याबाहेरचे ठरून सरकारकडे जाते. ही साखळी जिथे तोडता येईल ती जागा पहिल्या पंधरवड्यातच आहे.

बाहेरचे धक्के

व्यवहाराबाहेरची कारणेही होती. त्यांची नोंद केल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही. मांडवी आणि जुवारी या नद्या लोहखनिजाच्या वाहतुकीचे हमरस्ते होत्या. निर्यात शिगेला पोचली होती तेव्हा, २०१०-११ च्या सुमारास, वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात खनिज बाहेर जात होते, आणि त्यातले बरेचसे बार्जेसमधून बंदराकडे येई. भरलेल्या बार्जेसच्या लाटा दिवसरात्र बांधाच्या पायाला लागत. पूर्वी बांधाला उधाणाच्या दिवसांत विशेष जपावे लागे. आता भांगाच्या दिवसांतही उसंत राहिली नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे मर्यादित प्रमाणात सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ पट्टे रद्द झाले. पण जे बांध तोवर झिजले होते ते झिजलेलेच राहिले.

१९९० च्या दशकाच्या आरंभी कोकण रेल्वेच्या गोव्यातील मार्गाला जो विरोध झाला, त्यामागे खाजणांतून जाणारा भराव हे एक प्रमुख कारण होते. महामार्ग, जोडरस्ते, घरांसाठी मातीची भर यांनीही ठिकठिकाणी पाट तोडले. पाट तुटला की पाणी मानसापर्यंत पोचत नाही, आणि मानस कितीही नीट असले तरी निरुपयोगी ठरते.

समुद्राची पातळी हा या सगळ्यामागचा संथ धक्का. उत्तर हिंदी महासागरात १९९३ नंतरच्या पाव शतकात ती वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटर वेगाने चढली, आधीच्या शतकातील वेगाच्या जवळजवळ दुप्पट. वर्षाचा आकडा लहान वाटतो. पण तीस वर्षांत तो दहा सेंटीमीटर होतो, आणि मातीचा बांध स्वतःच्या भाराने दरवर्षी थोडा बसत असतो. जो गाव दरवर्षी बांधावर मातीचा थर चढवतो त्याला ही वाढ पेलता येते. ज्याने वीस वर्षे बांधाकडे पाहिलेले नाही, त्याला ती एका रात्रीत कळते.

फुटलेल्या खाजणातले कांदळवन

आता या प्रकरणातल्या सर्वांत अवघड गाठीकडे येतो. खांड बुजली नाही तर शेतात भरती-ओहोटी सुरू होते, आणि काही वर्षांत तिथे तिवर, चिपी, कांदळ उगवतात. वनसर्वेक्षणानुसार गोव्यातील कांदळवन २००३ मध्ये १६ चौरस किलोमीटर होते, ते २०२१ मध्ये २७ चौरस किलोमीटर झाले. मोजणीची साधने सुधारली हे यामागचे एक कारण आहे, लागवड हे दुसरे. पण या वाढीतला काही भाग सोडून दिलेल्या खाजणांत आलेला आहे. कांदळवनाला वृक्षसंरक्षणाच्या आणि किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांचे संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. मात्र ज्या शेतकऱ्याला उशिरा का होईना खांड बुजवून भात करायचे आहे, त्याच्यासमोर आता आपल्याच शेतातले जंगल उभे असते, आणि ते तोडणे गुन्हा ठरतो.

दोन चांगल्या गोष्टी इथे एकमेकींना आडव्या येतात. कांदळवन मासळीच्या पिलांना आसरा देते, किनारा धरून ठेवते. चोडणच्या पश्चिम टोकाला असलेले १.७८ चौरस किलोमीटरचे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य हे अशाच वनात आहे आणि गोव्याच्या अभिमानाची जागा आहे. पण खाजण हेही एक अधिवास आहे. भातखाचरांत आणि पोंयीत पाणपक्षी उतरतात, कोरगुटासारखे बियाणे फक्त तिथेच जिवंत राहते, आणि मुख्य म्हणजे बांधामुळे मागच्या वस्तीतल्या विहिरी गोड्या राहतात. खाजण बुडाले की खारे पाणी जमिनीखालून विहिरीकडे सरकते, तेव्हा ज्याने आयुष्यात शेत पाहिले नाही त्याच्याही घागरीला फरक पडतो.

२०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी खाजणांचा स्वतंत्र उल्लेख आला. खाजणांचे नकाशे करावेत, त्यांच्या व्यवस्थापनाचा आराखडा करावा, तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये, असे त्यात म्हटले. २०२३ मध्ये गोव्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणणारा कायदा केला. दोन्ही पावले योग्य दिशेची आहेत. परंतु ती जमिनीवर काय करू नये ते सांगतात. बांधावर दर हिवाळ्यात माती कोणी टाकावी, हे त्यांतून निघत नाही. आणि खाजण हे काहीही न केल्याने राखले जाईल असे स्थळ नाही. जंगल एकटे सोडले तर वाढते, खाजण एकटे सोडले तर बुडते.

काय करता येण्यासारखे आहे

महाराष्ट्राच्या कोकणात खारबंदिस्तीचा प्रश्न १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने सरकारी यंत्रणेकडे नेला. तिथल्या बांधांचा अनुभव वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. इथे इतकेच म्हणतो की बांध पूर्णपणे कचेरीचा झाला की खांड पाहणारा माणूस हातात घमेले घेण्याऐवजी अर्ज घेतो, ही शक्यता गोव्याने नजरेआड करू नये. गावकारीकडे परतणे हाही मार्ग नाही, कारण ती ज्या असमानतेवर उभी होती ती परत आणायची नाही. कूळ संघटना हाच पाया धरून काम करावे लागेल, आणि तिच्या व्यवहारात बदल करावे लागतील.

माझ्या मते पहिला बदल पावणीच्या अटींत हवा. बोलीची रक्कम सभासदांत वाटण्याआधी बांध-मानसाच्या दुरुस्तीचा वाटा त्यातून वेगळा काढणे सक्तीचे असावे, जसे झोणीच्या आधी होत असे. आणि कोणत्या महिन्यात, किती फळ्या, कोणत्या भरतीला काढता येतील हे करारात लिहिलेले असावे. आपोआप मिटणारी दारे पुन्हा बसवली, तर या अटीची निम्मी अंमलबजावणी नदीच करील. ज्या सभासदाने सलग काही वर्षे पीक घेतलेले नाही, त्याचा मासळीतला वाटा कसणाऱ्याइतकाच असावा का, हा प्रश्नही संघटनांनी उघडपणे घ्यायला हवा. तो बोलायला कडू आहे, पण न बोलल्याने त्याची किंमत शेजारचा शेतकरी मोजतो.

खांडीसाठी वेगळा नियम लागेल. लहान खांड बुजवण्याचे काम निविदेच्या वाटेने जाऊच नये. मामलेदाराच्या साध्या आदेशावर संघटनेने ते त्याच पंधरवड्यात करावे आणि त्याचा खर्च नंतर मिळावा. माती जवळचीच, माणसे जवळचीच, आणि पुढचे उधाण कोणत्या तिथीला आहे हे सर्वांना माहीत असते.

कांदळवन माजलेल्या खाजणांबाबत सरसकट निर्णय करू नये. जिथे वन घनदाट झाले आहे आणि मागे वस्ती नाही, तिथे ते राहू द्यावे. जिथे बांधामागे विहिरी, घरे आणि कसू इच्छिणारी माणसे आहेत, तिथे खाजण परत मिळवण्याची परवानगी, बदल्यात बांधाबाहेरच्या पट्टीत कांदळ लावण्याच्या अटीसह, विचारात घ्यावी. हे गावागावाने, नकाशा समोर ठेवून ठरवायचे काम आहे.

आणि बांधाच्या खर्चात केवळ कुळांचा नव्हे, बांधाच्या आड राहणाऱ्या सर्वांचा वाटा असावा. आज चोडण, दिवाडी किंवा आगशीसारख्या गावांत बांधाचा लाभ घेणाऱ्या घरांपैकी अनेकांकडे खाजणातली एक गुंठाही जमीन नाही. त्यांची विहीर, त्यांचा रस्ता, त्यांच्या परसातली माडांची रांग मात्र त्याच बांधामुळे गोड्या मातीत आहे. ग्रामसभेत खाजणाचा विषय आजवर शेतीच्या रकान्यात येतो. तो पिण्याच्या पाण्याच्या रकान्यात घेतला, तर वर्गणी देणाऱ्यांची यादी वेगळी होईल, आणि मानस कधी उघडायचे हे ठरवणाऱ्या सभेतली माणसेही वेगळी असतील.